भूजलाचं मॉडेल ‘जुळलं’, म्हणजे खरं ठरलं का?

आजचा लेख १९९४ साली ‘सायन्स’मध्ये आला. नेओमी ओरेस्कस, क्रिस्टिन श्रेडर-फ्रेशेट आणि केनेथ बेलिट्झ हे त्याचे लेखक. त्यांचं म्हणणं असं, की निसर्गातली व्यवस्था कधीच बंदिस्त नसते. म्हणून तिचं संख्यात्मक मॉडेल सत्य म्हणून सिद्ध करता येत नाही. पुष्टी मिळते, पण तीही अंशतःच.

भूजलावरच हे तपासून बघू. खोलवर मातीची सगळी छिद्रं पाण्यानं भरलेली असतात. तिथे दार्सीचा १८५६ चा नियम चालतो: पातळीचा उतार जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. वरच्या थरात मात्र छिद्रांत हवाही असते, आणि माती सुकत जाईल तशी तिची पाणी वाहून नेण्याची क्षमता हजारो पटींनी घटते. त्यासाठी रिचर्ड्सचं १९३१ चं समीकरण आहे. पावसातलं किती पाणी खाली पोचणार हे याच थरात ठरतं, आणि नेमकं तेच मोजणं अवघड.

आता गंमत बघा. समजा पातळी स्थिर आहे, उपसा नाही. मॉडेलमध्ये पुनर्भरण दुप्पट केलं आणि जमिनीची वहनक्षमताही दुप्पट केली, तर विहिरींच्या पातळ्या तशाच राहतात. दोन्ही मॉडेलं नोंदींशी सारखीच जुळतात! पण पाण्याचा वेग दुप्पट झालेला असतो. दूषित पाणी गावाच्या विहिरीत एका हिशेबानं वीस वर्षांनी येईल, दुसऱ्यानं दहा.

इथवर लेखकांचं बरोबर आहे. माझा आक्षेप शेवटाला आहे. मॉडेलचा खरा उपयोग प्रश्न धारदार करायला, असं ते म्हणतात, आणि त्याची तुलना कादंबरीशी करतात. अहो, कादंबरी फसली तर वाचकाच्या घरचं पाणी नासत नाही. कचरा कुठे पुरायचा हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. आणि ‘सिद्ध होत नाही’ हे वाक्य प्रदूषण करणाऱ्यालाही सोयीचं असतं: सिद्ध नाही ना, मग चालू द्या.

म्हणून ‘मॉडेल खरं आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. याच नोंदींशी जुळणारं दुसरं मॉडेल कोणतं, आणि ते खरं निघालं तर पाणी कोणाचं बिघडेल, हे विचारावं. मग दोघांत फरक दाखवेल अशी गोष्ट मोजावी. उदाहरणार्थ, ट्रिटियमवरून पाण्याचं वय. नुसत्या पातळ्या मोजून हा निवाडा होत नाही.