राजधातूविरहित उत्प्रेरक व हायड्रोजननिर्मिती : एक चिकित्सा

प्रस्तावना : पाण्याच्या विद्युत अपघटनातून हायड्रोजन मिळविताना प्लॅटिनम व इरिडियम हे राजधातू अत्यंत प्रभावी उत्प्रेरक ठरतात. मात्र इरिडियमचे जागतिक उत्पादन वर्षाला जेमतेम 7 ते 8 टन आहे. म्हणून निकेल, कोबाल्ट, लोह व मॉलिब्डेनम यांच्या संयुगांवर संशोधन होत आहे. 2023 मध्ये केंद्राचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन व महाराष्ट्राचे हरित हायड्रोजन धोरण आल्याने या विषयाचे महत्त्व वाढले आहे. प्रस्तुत लेखात अशा संशोधनातील दाव्यांची चिकित्सा केली आहे.

चिकित्सा : 'राजधातूविरहित' हे विशेषण स्वतःहून नावीन्य सिद्ध करीत नाही. अल्कधर्मी माध्यमात निकेलची विद्युत अग्रे उद्योगात अनेक दशके वापरली जातात. खरी अडचण आम्लधर्मी माध्यमात आहे. तेथे हे स्वस्त धातू विरघळतात.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा आहे. चाचणीत मंडल पूर्ण करणारे दुसरे अग्र प्लॅटिनमचे असल्यास त्याचा अंश विरघळून नव्या उत्प्रेरकावर जमू शकतो. मग श्रेय निकेलला मिळते, काम मात्र प्लॅटिनम करते. त्याचप्रमाणे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील लोहाच्या अत्यल्प अंशामुळे निकेलची ऑक्सिजननिर्मितीची क्षमता वाढते, हे 2014 पर्यंत स्पष्ट झाले होते. तरीही ग्रॅफाइटचे अग्र व शुद्ध केलेले द्रावण यांचा आग्रह सर्वत्र धरला जात नाही. शिवाय काही तासांच्या स्थैर्यावरून वर्षानुवर्षे चालणाऱ्या संयंत्राविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

स्थानिक संदर्भ : धाराशिव जिल्ह्यात ऊन व वारा मुबलक आहे, टंचाई पाण्याची आहे. 1 किलो हायड्रोजनसाठी सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे 9 लिटर शुद्ध पाणी लागते. उत्कृष्ट उत्प्रेरक विजेची बचत करील, पाण्याची नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार ऋण अग्रावर साचून ते निकामी करतात. हा प्रश्न आपल्या प्रयोगशाळांना अल्प खर्चात अभ्यासता येईल.

निष्कर्ष : पदव्युत्तर विद्यार्थ्याला नवे संयुग शोधण्यापूर्वी प्लॅटिनमविना चाचणी घेण्यास शिकविणे, ही मार्गदर्शकाची पहिली जबाबदारी आहे. अन्यथा शोधनिबंधांची संख्या वाढेल, परंतु ज्ञानात भर पडणार नाही.