मध्यक वय : एका आकड्यावर किती भिस्त ठेवावी?

लोकसंख्येवरील मराठी लेखनात ‘मध्यक वय’ हा शब्द क्वचितच भेटतो. बहुधा त्याला ‘सरासरी वय’ म्हणून मोकळे होतात. ही केवळ भाषेची चूक नव्हे. ज्या वयापेक्षा निम्मी माणसे लहान आणि निम्मी मोठी असतात, ते मध्यक वय. एका घरातील पाच जणांची वये 5, 12, 28, 40, 45 आणि दुसऱ्या घरातील 24, 26, 28, 68, 75 आहेत असे समजू. मध्यक दोन्हीकडे 28. सरासरी मात्र 26 आणि 44.2. पहिल्या घराला शाळा हवी, दुसऱ्याला दवाखाना. मध्यकाला हा फरक दिसत नाही, कारण तो अलीकडची-पलीकडची डोकी मोजतो, त्यांची वये नाही.

त्यामुळे ‘भारताचे मध्यक वय सुमारे 28, सबब देश तरुण’ हे विधान अपुरे ठरते. 2011 च्या जनगणनेत साठ व त्यापुढील वयाचे लोक देशात 8.6 टक्के होते, गोव्यात 11.2, केरळात 12.6.

शिवाय मूळ नोंदीही डळमळीत. वय विचारले की ‘असेल तीस-पस्तीस’ असे उत्तर येते, आणि 0 व 5 ने संपणाऱ्या वयांवर गर्दी होते. 29 वर्षांचा माणूस 30 सांगून पुढच्या वयोगटात जातो. अशा तक्त्यातून काढलेला मध्यक दशांशापर्यंत सांगण्यात फारसा अर्थ नाही.

खरी गफलत पुढे आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या 2021 च्या अहवालानुसार 2020 मध्ये भारतीय मुस्लिमांचे मध्यक वय 24 आणि हिंदूंचे 29 होते. या पाच वर्षांच्या अंतरावरून आजच्या जननदराविषयी निष्कर्ष काढले जातात. वर्गातही ते ऐकू येतात. परंतु मध्यक वयात मागील कित्येक दशकांचे जन्म साठलेले असतात. चालू जननदर पाहायचा तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडावे: 1992-93 मध्ये मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर 4.4 होता, 2019-21 मध्ये 2.36, हिंदू स्त्रियांचा 3.3 वरून 1.94. म्हणजे अंतर 1.1 वरून सुमारे 0.4 वर आले. मध्यक वयात ही घसरण उतरायला वेळ लागतो, कारण जास्त जननदराच्या काळात जन्मलेल्या मुली आता कुठे आई होण्याच्या वयात आल्या आहेत.