मोजलेला बिंदू कुठे आहे?

सायलॅब, जिओजेब्रा ही साधनं आज फुकट मिळतात. आपल्या सातारा-सांगलीकडची मुलं त्यांवर विमानाच्या कामगिरीचे आलेख काढतात, याचा मला आनंदच आहे. तक्रार आहे ती त्या गुळगुळीत रेषेबद्दल.

सूत्र साधं. हवेच्या विरोधाचे, म्हणजे ड्रॅगचे, दोन भाग: एक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, दुसरा त्याच वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दोन्ही समान होतात तिथे एकूण ड्रॅग सर्वांत कमी. वक्र मोठा देखणा येतो हो! पण त्याची डावी बाजू बघा. ठराविक वेगाखाली पंखांवरचा प्रवाह सुटतो, लिफ्ट ढासळते, विमान उडूच शकत नाही. सॉफ्टवेअर मात्र रेघ ओढतच राहतं. मर्यादा तुम्ही घातली नाहीत, तर ती त्याला कशी कळणार?

घनतेचंही तेच. सगळे १.२२५ टाकून मोकळे. तो आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश सेल्सिअसचा. आपलं कराडचं विमानतळ सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना तिथली हवा जवळपास १२ टक्के विरळ. जमीन सोडायला वेग सुमारे ७ टक्के जास्त लागतो, धाव त्याहून वाढते, आणि साधं पिस्टन इंजिन तेव्हाच मंदावलेलं असतं. आलेखावर भरवसा ठेवणाऱ्याची धावपट्टी इथे संपते.

तर्कशास्त्राच्या तासाला मी सांगायचो, अनुमान निर्दोष असूनही आधारविधान खोटं असू शकतं. हा वक्र सूत्राशी प्रामाणिक आहे, हवेशी नव्हे. म्हणून आलेख घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, बाबा रे, यावर प्रत्यक्ष उड्डाणात मोजलेला एक तरी बिंदू दाखव.