विष अडवले, रोगाचे काय?

लँग्स्टन व पालफ्रेमन यांचे ‘द केस ऑफ द फ्रोझन अॅडिक्ट्स’ (१९९५) हे पुस्तक रहस्यकथेसारखे वाचनीय आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात कृत्रिम हेरॉइन टोचून घेणारे काही तरुण पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठरले. गुन्हेगार निघाला त्यातील एमपीटीपी. मेंदूतील एक विकर त्याचे विष बनवते. ते डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मारते. सेलेजिलीनने ते विकर आधीच रोखले, तेव्हा माकडांच्या पेशी वाचल्या.

पण गुन्हेगार सापडला की रहस्यकथा संपते, विज्ञान नाही. १९८७ साली सुरू झालेल्या ८०० रुग्णांवरील चाचणीत सेलेजिलीनने रोग लांबल्यासारखा दिसला. पेशी वाचल्याचे सिद्ध झाले नाही. हातांना कंप सुटेपर्यंत रुग्णाच्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. विद्यार्थ्यांना पुस्तक जरूर द्यावे; सोबत हा फरकही समजावावा, असे आम्हांला वाटते.