जुनं ते सोनं, म्हणून भावही सोन्याचा!

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. एके काळी तिथं माणूस नवं परवडत नाही म्हणून जाई. आता नवं परवडणारी मंडळी हौसेनं जुनं घ्यायला येतात आणि भाव चढवून जातात. परवा एका पितळी स्टोव्हची किंमत विचारली. "साहेब, अँटिक आहे!" आकडा ऐकून वाटलं, सोबत गॅसचं कनेक्शनही देतोय की काय!

आमच्या घरचा असाच स्टोव्ह मोडीत गेला, तो किलोच्या भावानं. बोहारीण दोन साड्या आणि माझी पँट घेऊन एक पातेलं देते, तेही हिनं अर्धा तास घासाघीस केल्यावर. म्हणजे वस्तू आपल्या घरातून निघताना भंगार, आणि दुकानात पोचली की वारसा! 'थ्रिफ्ट' म्हणजे काटकसर म्हणे. हल्ली त्या पाटीखालीच खिसा जास्त हलका होतो.

हौशी माणसानं खुशाल गंज विकत घ्यावा. पण शेजारीच एक बाई मुलासाठी दप्तर पाहत होत्या. भाव ऐकून त्यांनी ते मुकाट्यानं परत ठेवलं. नवं त्यांचं कधीच नव्हतं. आता जुनंही गेलं.

घरी सांगितलं, तर ही म्हणाली, "माळ्यावर तीन दप्तरं आहेत. पातेली पुष्कळ झाली. काढा ती खाली, कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकू."