अठरा पट म्हणजे किती?

लहानपणीच आतड्यांचा चिवट दाह जडलेल्यांना पचनमार्गाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या अठरा पट असतो. हे विधान खरे आहे. पण एवढेच सांगून थांबणारा माणूस पालकांना घाबरवतो, शहाणे करत नाही. म्हणून हा आकडा ज्या अभ्यासातून आला तो आपण तपासू, आणि मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो कितपत लागू पडतो ते पाहू.

अभ्यास स्वीडनमधला आहे. २०१७ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. १९६४ ते २०१४ या काळात वयाच्या अठरा वर्षांच्या आत अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स किंवा तत्सम आजार झालेल्या ९४०५ जणांची नोंद त्यात आहे. ती माणसे मोठी झाल्यावरही नोंद चालूच राहिली. त्यांपैकी ४९७ जणांना कर्करोग झाला. म्हणजे हजार व्यक्तींमागे वर्षाला ३.३. तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत हे प्रमाण १.५ होते. एकूण कर्करोगाचा धोका सुमारे दुपटीचा झाला. अठरा पट हा आकडा फक्त पचनमार्गाच्या कर्करोगाचा. तो २०२ जणांना झाला. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधी कर्करोग झालेले किती? ९४०५ पैकी २०.

आता भागाकार बाजूला ठेवून वजाबाकी करू. ३.३ वजा १.५ म्हणजे १.८. याचा अर्थ, असे ५५६ रुग्ण वर्षभर पाहिले तर त्यांत एक कर्करोग जादा आढळेल. मूळ धोका लहान असला की पट मोठी दिसते. मृत्यूचेही तसेच. याच संशोधकांच्या २०१९ मधील निबंधात हजारी वार्षिक मृत्यू २.१ विरुद्ध ०.७ असे आहेत. ‘तिप्पट’ हेही खरे आणि ‘हजारी १.४ जादा’ हेही खरे. पण दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

दाहातून कर्करोग का व्हावा? दाहाने आतड्याचे अस्तर झिजते आणि पुन्हा तयार होते. पेशी जितक्या अधिक वेळा विभागतात, तितकी जनुकांत चूक राहून जाण्याची शक्यता वाढते. म्हणूनच आजार जितका जुना आणि पसरलेला, तितका धोका जास्त.

अभ्यासात उणिवाही आहेत. सुरुवातीच्या दशकांत रुग्णालयात दाखल झालेल्यांचीच नोंद होई, त्यामुळे त्या काळातील गंभीर रुग्णच त्यात अधिक आले. औषधांची राष्ट्रीय नोंद २००५ पासूनची. तेव्हा जादा धोक्यात आजाराचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे नीट वेगळे करता येत नाही.

तरी स्वीडनला एवढे जमले, कारण तिथे १९४७ पासून प्रत्येकाला ओळखक्रमांक आहे आणि १९५८ पासून कर्करोगाची राष्ट्रीय नोंद आहे. अपूर्णांकाचा छेद आयता होता. गडचिरोलीत तो हाताने तयार करावा लागला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. तुलनेला ४७ गावे होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानुसार हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले, तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. पण आरंभीचे आकडे जवळजवळ सारखे होते आणि पुढचा फरक फार मोठा होता, म्हणून निष्कर्ष टिकतो.

इथे एक सावधगिरी हवी. गडचिरोलीच्या आकड्याचा छेद जन्म आहे, स्वीडनच्या आकड्याचा छेद व्यक्ती आणि वर्षे. दोन्हीकडे ‘हजारी’ शब्द असला तरी त्यांची थेट तुलना चूक ठरेल.

शिवाय घरोघरच्या मोजणीत मृत्यू सापडतो, आतड्याचा दाह सापडत नाही. त्यासाठी दुर्बिणीने तपासणी आणि अस्तराचा तुकडा लागतो. रक्तमिश्रित जुलाब दिसले की आपल्याकडे आधी आव किंवा आतड्याचा क्षय आठवतो, आणि ते साहजिक आहे. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय इतके सारखे दिसतात की तज्ज्ञही चकतात. क्षय असताना दाहासाठी स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो. म्हणजे नोंदीत आजार नाही, यावरून तो गावात नाही असे ठरत नाही. निदानच उशिरा होत असेल तर स्वीडनमधले मृत्यूचे प्रमाण इथे जसेच्या तसे लावता येत नाही.

आश्रमशाळेतील शिक्षकाने अठरा पटीची धास्ती घेऊ नये. त्याच्या हातात वजनकाटा आणि उंचीची पट्टी आहे. महिनाभर न थांबणारे जुलाब, शौचात रक्त, वारंवार पोटदुखी, घटणारे वजन, वर्षभरात न वाढलेली उंची यांपैकी काही दिसले, तर ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून ते सोडू नये. गाव-दवाखान्यातील गोळ्यांनी भागले नाही तर मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवावे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

आणि वर्गात अपूर्णांक शिकवताना हे आकडे फळ्यावर जरूर मांडावेत. पट ऐकली की ‘कशाच्या पट?’ आणि ‘हजारात किती?’ असे दोन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर तो धडा परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.