सोवळे कान

आपल्या वस्त्यांतून अलीकडे एक नवा तरुण दिसू लागला आहे. पांढरा सदरा, हातात वंदनेची पुस्तिका, बोलणं हळू. दारू नाही, गुटखा नाही, मटका नाही. पौर्णिमेला अष्टशील पाळतो. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेला असतो. या पोराला पहिल्यांदाच सांगून टाकतो, दोस्ता, तुझं शील मला मान्य आहे. ज्या गल्लीत पगाराच्या दिवशी बापाला गुत्त्यावरून उचलून आणावं लागतं, त्या गल्लीत न पिणारा पोरगा उभा राहणं ही लहान गोष्ट नव्हे. तुझी टिंगल करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही.

पण हा तरुण आता गाण्याच्या मागं लागला आहे. सिनेमाचं गाणं ऐकायचं नाही, लावणी ऐकायची नाही, गणपतीतला ऑर्केस्ट्रा तर नकोच. इथवर ज्याची त्याची मर्जी. पण तो पुढं जातो. १४ एप्रिलला भीमगीतंही नकोत म्हणतो. का? तर चाली सिनेमाच्या असतात, ढोलकी वाजते, पोरं नाचतात. विहारात वंदना तेवढी म्हणावी, फार तर संथ चालीचं एखादं गीत. वामनदादांचं गाणं लावलं तर हा उठून बाहेर जातो. म्हणतो, चित्त विचलित होतं.

नकार हा आपल्या साहित्याचा पहिला शब्द आहे. तेव्हा तो शब्द कुणी कशासाठी वापरतो, याचा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपला मूळ नकार कशाला होता ते आधी बघू. गावगाड्यात महार-मांगांचं वाजवणं कुणी कला म्हणून मानलं नाही. पाटलाच्या घरचं लगीन असो, देवीची जत्रा असो, बोलावणं आलं की जायचं. रोख मजुरी नाही, बलुत्याचा तुकडा. हलगी आपल्या हातात, पण ती कधी वाजायची ते दुसऱ्याच्या तोंडात. १९२७ च्या महाडनंतर मेलेली ढोरं ओढणं सुटत गेलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर गावोगाव आपल्या माणसांनी देवापुढं वाजवणंही सोडलं. त्यापायी कुठं कुठं बहिष्कार सोसला, उपास काढले. पण हलगी टाकली ती तिचा आवाज वाईट म्हणून नव्हे. त्या आवाजामागं हुकूम होता म्हणून टाकली.

हे एकट्या महाराष्ट्राचं नाही. तमिळनाडूत परै नावाचं वाद्य असंच दलितांच्या गळ्यात बांधलेलं होतं, मयताला वाजवायचं. तिथंही पुष्कळांनी ते अपमान म्हणून फेकून दिलं. मग पुढच्या पिढीनं तेच परै उचललं आणि स्वतःच्या मोर्चात वाजवलं. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं कास्टलेस कलेक्टिव्ह हा वाद्यवृंद उभा राहिला. वस्तीतलं गाना गाणं आणि रॅप एकाच मंचावर आलं. वाद्य तेच, पण आता हुकूम आपला. टाकणं आणि पुन्हा उचलणं, हे दोन्ही मिळून नकार पुरा होतो. आमचा धम्मबंधू पहिल्याच पायरीवर बसून राहिला आहे.

तो एक दाखला नेहमी देतो. पठ्ठे बापूराव जातीनं ब्राह्मण, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या फडात नाचणारी पवळा महाराची. महाडच्या लढ्याच्या दिवसांत बापूरावांनी तमाशाच्या खेळांचा पैसा चळवळीला देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला. दाखला खरा आहे. पण तो अर्धाच देतो. उरलेला अर्धा असा की १९३० च्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव हिंडत होते. त्याच तमाशाच्या अंगानं तो जलसा उभा राहिला होता. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच. बाईला नाचवणं गेलं, देवाची स्तुती गेली. त्या जागी पाणवठा आला, शाळा आली, सावकार आला. जिथं पेपर पोचत नव्हता, तिथं जलसा पोचला. कर्डकांनी १९७८ साली जलशावर पुस्तकच लिहून ठेवलं आहे. म्हणजे बाबासाहेबांनी नाकारला तो पैसा. आपल्या बायांच्या अब्रूवर जमलेला पैसा. त्यांनी ढोलकी नाकारली असती तर जलसे त्यांच्या सभांच्या आधी गाजलेच नसते. आणि स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हेही धम्मबंधूला कुणीतरी सांगा.

इथं आणखी एक बोलून घेतो. तमाशाचा पैसा नाकारणं वेगळं आणि तमाशात नाचलेल्या बाईला माणसातून उठवणं वेगळं. सुधारणेच्या भरात आपण हे दुसरं पाप पुष्कळ केलं. आज सोवळा तरुण लावणी म्हटलं की नाक मुरडतो तेव्हा त्याचं नाक गाण्यावर मुरडतं का गाणाऱ्या बाईवर, हे त्यानं स्वतःला विचारावं.

आता धम्माचं बोलू, कारण तो म्हणेल, मला इतिहास सांगू नका, बुद्धवचन सांगा. ठीक. अष्टशीलात नाच-गाणं-वाद्य यांपासून दूर राहायचं शील आहे. खरं आहे. पण ते उपोसथाच्या दिवसाचं आहे, आणि श्रामणेरांच्या दहा शीलांत आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा पुन्हा मोजून बघा. दारू पिणार नाही ही आहे, चोरी करणार नाही ही आहे. गाणं ऐकणार नाही अशी एकही नाही. ज्या माणसानं शब्दाशब्दाचा विचार करून संविधानाचा मसुदा केला, त्याच्याकडून ही प्रतिज्ञा चुकून राहिली म्हणायचं काय?

तो तालपुटाची गोष्टही सांगतो. संयुत्त निकायात आहे. तालपुट हा नटांचा पुढारी. त्यानं बुद्धाला विचारलं, रंगमंचावर खरंखोटं करून लोकांना हसवणारा नट मेल्यावर देवलोकात जातो, असं आमचे जुने आचार्य सांगतात, आपलं काय मत? बुद्धानं दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा सांगितलं की जो स्वतः धुंद होतो आणि दुसऱ्याला धुंद करतो, तो नरकात जातो. तालपुट रडला, भिक्खू झाला. इथं धम्मबंधू थांबतो. पण थेरगाथा उघडा. तिथं तालपुट थेराची लांबलचक गाथा आहे, पन्नासच्या वर कडव्यांची. नाच सुटला, छंद सुटला नाही. धुंदी गेली, कविता राहिली. दीघ निकायात पंचशिख नावाचा गंधर्व बुद्धापुढं वीणेवर चक्क प्रेमाचं गाणं म्हणतो, आणि बुद्ध त्याला हाकलत नाही. तारेचा सूर आणि गळ्याचा सूर चांगला जुळला, असं म्हणतो. थेरीगाथेत पुण्णा नावाची पाणक्या दासी थंडीत नदीत बुडणाऱ्या ब्राह्मणाला गाथेतूनच उलटं-सुलटं करते. आणि अश्वघोषानं तर सौंदरनंदाच्या शेवटी सरळ सांगून टाकलं की कडू औषध प्यावं म्हणून त्यात मध घालतात, तसं मी काव्य घातलं. मग आपल्याकडं चित्त विचलित होण्याचं एवढं भय आलं कुठून?

माझं म्हणणं, हे भय धम्मातून आलेलं नाही. हे सोवळं आहे. भटजीच्या घरातून निघालं आणि मागच्या दारानं विहारात शिरलं. ढोलकीला चामडं असतं म्हणून ती विटाळ. ठेका अंगात शिरतो म्हणून तो हलका. संथ ते शुद्ध, जलद ते अशुद्ध. ही विटाळाची प्रतवारी आपण चवदार तळ्यावर बुडवून आलो होतो. ती आता कानात भरून घ्यायची?

आणि सोवळ्याची गंमत अशी की ते आवाज तपासतं, अर्थ तपासत नाही. विहारात चालणारी 'शुद्ध' गाणी मी ध्यान देऊन ऐकली. पेटी, टाळ, मंद लय. डोळे मिटलेले. आणि शब्द? विठ्ठलाच्या जागी भीम घातलेला. चरण तेच, कृपा तीच, अवतार तोच, तारणारा तोच. भजनाची आख्खी चौकट जशीच्या तशी, फक्त पाटी बदललेली. देवानं अवतार घेतला हे मानणार नाही, ही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. तरी या गाण्यावर कुणी उठून जात नाही, कारण ते हळू आहे. उलट मिरवणुकीत एखादं धडाधड वाजणारं गाणं पोरांना शीक म्हणतं, संघटित हो म्हणतं, आईच्या हातावरचे घट्टे दाखवतं. ते मात्र विचलित करणारं! सांगा, कुठल्या गाण्यात धम्म आहे?

चाल उसनी आहे हाही आक्षेप घेतात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षर शिकले, मुंबईत मिळेल ती मजुरी केली. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. चाल बाजाराची, शब्द आपले. यात लाज कसली? ज्याच्या घरी पेटी नाही, उस्ताद नाही, त्याला रस्त्यावरच्या भोंग्यातून जी चाल ऐकू येते तीच त्याची शाळा. आम्ही रिंगफ्रेमच्या खात्यात काम करतो. तिथं शेजारच्याचं बोलणं कळत नाही, ओठ वाचायचे. आठ तास तो आवाज डोक्यात घेऊन जो बाहेर पडतो, त्याच्या कानात हळू आवाजाची वंदना एकदम उतरत नाही. त्याला आधी ठेकाच लागतो. गाणं करताना हा ऐकणारा डोळ्यापुढं ठेवायचा, का पहाटे पाचला ध्यानाला बसू शकणारा? वामनदादांनी पहिला ठेवला. म्हणून ते घराघरात आहेत.

जात्यावरच्या ओव्यांचं तर विचारूच नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या बायांनी भीमरावावर रचलेल्याही आहेत. त्या बायांना लिहिता येत नव्हतं. एकीनं रचायची, दुसरीनं उचलायची. देवाची ओवी ज्या चालीवर, त्याच चालीवर बाबासाहेबांची. वंदनेची पुस्तिका घरात येण्याआधी त्या घरात बाबासाहेब आले ते जात्याच्या घरघरीतून. सोवळा कान लावायचा तर आधी आपल्या आजीच्या तोंडावर हात ठेवावा लागेल. ठेवणार आहेस का?

याचा अर्थ जे वाजतं ते सगळं चांगलं, असं नाही. हे लिहिणं त्यासाठी नाही. डीजेच्या भिंती उभ्या करायला पैसा कुणाचा येतो ते बघा. वर्गणी आपली दहा-वीस रुपयांची, बाकीचा बिल्डरचा आणि इच्छुक उमेदवाराचा. त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा. नव्या गाण्यांत बाबासाहेब वाघ असतात, गाडी असते, सोन्याची साखळी असते, दुसऱ्या वस्तीला दम असतो. पुस्तक नसतं. रमाई असते ती फक्त रडायला. दवाखान्यापुढून भिंत नेतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते. ही गाणी, हे वाजवणं नाकारायलाच पाहिजे. पण ते नाकारायचं कारण शुद्धी नव्हे. कारण हे की पुन्हा हलगी आपल्या हातात आणि हुकूम दुसऱ्याच्या तोंडात, असं झालं आहे.

गाण्याची किंमत आपल्या विरोधकांना आपल्यापेक्षा जास्त कळते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मारली. चारच दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून एका तरुण विद्यार्थ्याला ठेचून मारलं. ते गाणं वंदनेचं नव्हतं. ठेक्याचंच होतं. ज्या गाण्यापायी आपला पोरगा मेला, ते गाणं विहारातून आपणच हाकलायचं? मारणाऱ्यांनाही ते बंद व्हायला हवं होतं, आणि तुलाही हवं आहे. कारणं वेगळी असतील. शांतता सारखीच.

म्हणून दोस्ता, पौर्णिमेला अष्टशील पाळ. त्या दिवशी गाऊ नको, ऐकू नको. मी तुझ्या दारात भोंगा लावणार नाही, लावणाऱ्याला अडवीन. पण बाकीच्या दिवशी आमच्यात ये. १४ एप्रिलच्या आधी वस्तीत बैठक घेऊ. वाजणारं एकेक गाणं समोर ठेवू आणि तीन प्रश्न विचारू. पैसा कुणाचा? बाई माणूस म्हणून आहे का? बाबासाहेब माणूस म्हणून आहेत का देव म्हणून? जे नापास होईल ते हळू असो की जोरात, बंद करू. जे पास होईल ते विहारात वाजवू. तुझ्या शिस्तीची या कामाला गरज आहे. झडती घ्यायला न पिणारी माणसं लागतात.

पेटी तू घे. ढोलकी मी घेतो. जयभीम.